सूप न सांडता धावणारा बर्नार्ड

आपला नवरा धंदेवाईक खेळाडू आहे ही बातमी हेलन तुस्कानोला कळली तेव्हा ती बहरीनमधल्या हूऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात पापलेटं साफ करत होती. बातमी आणली वरच्या मजल्यावरच्या मसूदाने, आणि तीही अर्धीच.

“हेलन, तुझ्या बर्नार्डाचे खांदे सुजलेत गो,” मसूदा दारातूनच म्हणाली. “हे एवढाले. कानांपर्यंत आलेत.”

हेलनच्या हातातला सुरा थांबला. ती मनामातल्या एका खाजगी रुग्णालयात कॅज्युअल्टीची नर्स होती. माणसाचं काय काय सुजू शकतं याचा तिला चांगला अंदाज होता. पण दुपारी जेवून, हात पुसून, ‘येतो’ म्हणून गेलेल्या माणसाचे खांदे चहाच्या वेळेपर्यंत कानांना टेकावेत, असा आजार तिच्या शिक्षणात आलेला नव्हता. शिवाय बर्नार्डचे खांदे मुळात खांदे म्हणावेत असे नव्हतेच. शर्ट अडकवायला काहीतरी हवं म्हणून देवाने तिथे एक हँगर घालून पाठवला होता.

“तुला कोण म्हणालं?”

“आमच्या मुनाफनी सोत्ता बघितलान.” मसूदाचा नवरा मुनाफ रत्नागिरीचा. बाब अल बहरीनच्या कमानीमागच्या गल्लीत त्याचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं. “रिफाच्या पुढे अमेरिकनांचा कॅम्प हाय ना, तिथे खिडक्यांची मापं घ्यायला गेले होते. तर मैदानात बर्नार्ड. डोक्यावर मडकं, मडक्याला पुढून जाळी. आणि अंगावर धा माणसं.”

“अंगावर म्हणजे? मारत होते?”

“मारत नव्हते. नुसते पडून होते. तो खाली, ते वर. मग उठले, त्याला हात देऊन उठवलाने, आणि परत पडले. मुनाफ म्हणतात, माझ्याच्यानं पुढे बघवेना.”

हेलन खाली बसली. बसण्यासारखं तिथे काही नव्हतं हे तिला बसल्यावर कळलं. मग ती उठली, पापलेटं फ्रीजमध्ये टाकली, संध्याकाळच्या शिफ्टचा पांढरा युनिफॉर्म चढवला आणि मसूदाला म्हणाली, “मुनाफभाईंना म्हणावं, व्हॅन काढा.”

आता बर्नार्डने बायकोला फसवलं होतं असं म्हणावं, तर तसं नव्हतं. दर शुक्रवारी दुपारी तो तिला सांगूनच जायचा. काय सांगायचा? ‘फुटबॉल खेळायला चाललो.’ बर्नार्ड वसईजवळच्या गिरीजचा, हेलन सांडोरची. तिकडच्या माणसाला फुटबॉल म्हटलं की देवळासमोरचं मैदान, गावच्या सणाचा सामना, गोलपोस्टच्या मागे केळीची बाग आणि बागेत गेलेल्या चेंडूसाठी शिव्या देणारा म्हातारा, एवढंच डोळ्यांसमोर येतं. त्या खेळात कोपर सोलतं, ढोपर फुटतं. बर्नार्डचंही सोलायचं, फुटायचं. हेलन त्यावर आयोडीन लावायची आणि ‘वय काय, खेळतोस काय’ असं म्हणायची. नवऱ्याच्या पाठीवर उमटलेला निळा-जांभळा ठसा बुटाच्या तळव्याच्या आकाराचा होता, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण पाठीवर बूट ठेवायचा फुटबॉल कुठे खेळतात हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने तो ठसा चादरीच्या सुरकुतीवर ढकलला होता.

खरं तर या प्रकरणाची सुरुवात एका टर्कीपासून झाली.

बर्नार्ड चौऱ्याहत्तर साली बहरीनला आला तो हूऱ्यातल्या एका हॉटेलात बँक्वेटचा, म्हणजे मोठ्या जेवणावळींचा, वेटर म्हणून. घरी तो स्वतःचा पाण्याचा पेलाही उचलत नसे, पण हॉटेलात गर्दीच्या हॉलमधून सहा बाऊल सूपचा ट्रे घेऊन जाताना त्याला बघावं. खुर्च्या मागे सरकतायत, साहेब हात पसरून गोष्टी सांगतायत, मॅडमची पर्स वाटेत, आणि बर्नार्ड या सगळ्यातून असा जायचा की मागून पाहणाऱ्याला वाटावं, हॉल रिकामाच आहे. चालताना तोंडाने बारीक आवाजात एकच मंत्र: ‘एक्स्क्यूज मी, सर. हॉट सूप, सर.’ हे त्याला बेळगावच्या चंद्रशेखर साहेबांनी शिकवलं होतं. चंद्रशेखर बँक्वेट मॅनेजर. नव्या वेटरला ते पहिल्या दिवशी एकच नियम सांगत: “तोल जातोय असं वाटलं, की आधी ट्रे ठेव, मग तू पड. तू फुटलास तर दुसरा मिळतो, सूप सांडलं तर गिऱ्हाईक मिळत नाही की रे.”

सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरात अमेरिकनांची एक मोठी जेवणावळ होती. जेवणाआधीच नाच सुरू झाला, आणि नेमक्या त्याच वेळी किचनमधून टर्की निघाली. अख्खी, भाजलेली, चांदीच्या ताटात, भोवती पातळ ग्रेव्ही. हे सगळं हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायचं होतं. मध्ये पन्नास-साठ अमेरिकन घामाघूम होऊन नाचत होते, आणि अमेरिकन माणूस नाचतो तेव्हा त्याची कोपरं त्याच्या ताब्यात नसतात. बर्नार्डने टर्की छातीशी घेतली, मान खाली घातली आणि आत शिरला. पलीकडे निघाला तेव्हा ग्रेव्हीचा एक थेंब ताटाच्या काठावर आलेला नव्हता.

त्या टेबलावर हॉज नावाचा एक अवाढव्य माणूस बसला होता. बांधकाम कंपनीत इंजिनियर, आणि शुक्रवारी त्यांच्या फुटबॉल संघाचा कोच. त्याने टर्कीकडे पाहिलंच नाही. त्याने बर्नार्डचा दंड धरला आणि विचारलं, “सन, हे तुला चेंडू घेऊन करता येईल?”

बर्नार्ड म्हणाला, “येस, सर.” गिऱ्हाइकाला ‘नो’ म्हणायचं नाही हाही चंद्रशेखर साहेबांचाच नियम होता.

पुढच्या शुक्रवारी कॅम्पाच्या मैदानावर त्याला खांद्यावरचे प्लॅस्टिकचे डबे बांधले, डोक्यावर ते जाळीचं मडकं बसवलं आणि हातात चेंडू दिला. चेंडू गोल नव्हता. दोन्ही टोकांना निमुळता, कच्च्या पपईसारखा. हॉज म्हणाला, “तू रनिंग बॅक. हा पोटाशी धरायचा आणि त्या रेघेपलीकडे न्यायचा. बस.” बर्नार्डला हे काम सोपं वाटलं. टर्कीपेक्षा हलकं होतं आणि ग्रेव्हीही नव्हती. बाकीचे लोक काय करणार आहेत हे हॉजने सांगितलं नाही. अमेरिकेत ते लहान मुलालाही माहीत असतं, म्हणून त्याला सांगायचं सुचलं नसेल.

बर्नार्ड चार पावलं गेला आणि त्याच्यावर एक घर पडलं. निदान त्याला तसं वाटलं. घर उठलं, त्याची चार माणसं झाली. तोंडातली रेती थुंकून बर्नार्डने पहिला प्रश्न विचारला तो असा: “सॉरी, सर. माझं काय चुकलं?”

काही चुकलं नव्हतं. खेळच तसा होता. हे कळल्यावर त्याला बसलेला धक्का त्या चार माणसांच्या धक्क्यापेक्षा मोठा होता. शिकले-सवरलेले इंजिनियर, ज्यांच्यापुढे आपण रोज काटे-चमचे सरळ करून ठेवतो, ते सुट्टीच्या दिवशी मुद्दाम येऊन एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि मग ‘गुड हिट’ म्हणून पाठ थोपटतात.

दुसऱ्या वेळी मात्र चेंडू हातात आल्यावर त्याच्या तोंडून सवयीने शब्द गेले, “एक्स्क्यूज मी, सर. हॉट सूप.”

आणि समोरचा माणूस बाजूला झाला.

तो कशाला झाला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. पण तो माणूस महिन्यातून चारदा त्या हॉटेलात जेवायचा, आणि कानामागून तो बारीक आवाज आला की खांदा आत घ्यायचा हे त्याच्या अंगात मुरलं होतं. खांदा आत गेला, वाट उघडली, आणि बर्नार्ड रेघेपलीकडे जाऊन, चेंडू दोन्ही हातांनी पुढे करून, कोणाला वाढायचा हे बघत उभा राहिला.

समोरच्यांनी तक्रार केली. पंचाने नियमांचं पुस्तक चाळलं. समोरच्याला सूप म्हणू नये, असं त्यात कुठे नव्हतं.

एक अडचण आली. हॉजच्या क्लबात फक्त कंपनीचा माणूस खेळू शकत होता. बाहेरच्याला घ्यायचं तर पगार देऊनच घ्यावं लागे. म्हणून बाकीचे सगळे हौशी आणि हॉटेलातला वेटर तेवढा धंदेवाईक, असा तो संघ झाला. त्या मैदानांवर खेळायचे पैसे घेणारा दुसरा कोणी नव्हता. गिरीजचा बर्नार्ड तुस्कानो हा तिथला एकटा व्यावसायिक रनिंग बॅक. हॉजने हे त्याला अभिमानाने सांगितलं तेव्हा बर्नार्डने एवढंच विचारलं, “शनिवारी शिफ्ट आहे, सर. तोपर्यंत सोडाल ना?”

हे सगळं झालं त्याला वर्ष उलटून गेलं होतं, आणि आता मुनाफची व्हॅन रिफाच्या पुढच्या मैदानाशी थांबली होती.

हेलनला आधी माणसं दिसलीच नाहीत. मैदानाच्या मधोमध एक ढीग दिसला. ढिगातून पाय बाहेर आलेले, आणि सगळ्यात खालच्या पायांत ते मोजे होते जे तिने आदल्या दिवशी गच्चीवर वाळत घातले होते.

ती धावली नाही. कॅज्युअल्टीतली नर्स धावत नाही. ती भरभर चालत ढिगापाशी गेली आणि वरच्या माणसाच्या कॉलरला धरून म्हणाली, “मूव्ह प्लीज. पेशंटला हवा येऊ दे.” तो आवाज आणि तो पांढरा युनिफॉर्म यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. सहा-सहा फुटांचे बाप्ये एकेक करून मुकाट उठले. तळाशी बर्नार्ड होता, पोटाशी पपई धरून.

“हेलन?” तो जाळीतून म्हणाला. “आज तुझी ईव्हिनिंग ना?”

हेलनने नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या वर केल्या, मग धीर करून सुजलेला खांदा दाबला. खांदा टकटक वाजला. तिने पुन्हा दाबला. मग बर्नार्डच्या शर्टात हात घालून प्लॅस्टिक चाचपलं. ती रडत होती की हसत होती हे मुनाफलाही नीट सांगता आलं नाही, आणि मुनाफने ती गोष्ट पुढे अर्ध्या मनामाला सांगितली.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये मुनाफ समोर बघून गाडी चालवत होता आणि त्याचे दोन्ही कान मागे होते.

“तू मला फुटबॉल म्हणालास,” हेलन म्हणाली.

“फुटबॉलच आहे.”

“चेंडूला पाय कुठे लागतो त्यात?”

“कधीकधी लागतो. दुसऱ्याचा.”

मुनाफला ठसका लागला.

“पैसेपण देतात,” बर्नार्डने आपली बाजू मांडली.

“कशाचे? पडायचे?”

“नाय, पळायचे. पडणं फुकट.”

हेलनने कपाळाला हात लावला. मग ती कॅज्युअल्टीच्या आवाजात बोलली. “मी सांगते ते ऐक. तुझं डोकं मडक्यात आहे, खांदे डब्यात आहेत. गुडघ्यांना काय आहे? काय नाय. वेटरचा गुडघा गेला की शिफ्ट गेली. शिफ्ट गेली की व्हिसा गेला. तुझा व्हिसा गेला तर मी एकटी इथे राहून काय करू? गुडघा म्हणजे आपलं घर आहे, बर्नार्ड. त्याच्यावर तू धा माणसं पाडून घेतोस.”

चंद्रशेखर साहेबांनीही तेच सांगितलं होतं, कमी शब्दांत. शुक्रवारची दुपार त्यांनी दिली होती ती एका अटीवर: शनिवारी माणूस दोन सरळ पायांवर हॉलमध्ये पाहिजे. नसेल तर खलास.

“मग सोडू?” बर्नार्डने विचारलं. इतक्या हळू विचारलं, की हेलनने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. या माणसाला काहीतरी हवं आहे असं तिने पहिल्यांदाच पाहिलं. जेवायला काय करू म्हटलं तर ‘काहीपण’, सुट्टीत कुठे जाऊ म्हटलं तर ‘तू म्हणशील तिथे’. आणि आता हा हँगर कोणीतरी हातातलं खेळणं काढून घेणार असल्यासारखा बसला होता.

तिने अट घातली. दर शुक्रवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर तो पलंगावर पाय पसरून बसेल आणि ती दोन्ही गुडघे तपासेल. ती ‘जा’ म्हणाली तर जायचं. ‘नाय’ म्हणाली की त्या दिवसापासून कायमचं नाय, कारण विचारायचं नाही.

“तू म्हणशील तसं,” बर्नार्ड म्हणाला, आणि पुढे चार हंगाम तसंच चाललं.

हेलन प्रत्येक सामन्याला जाऊ लागली. लक्ष ठेवायला, असं ती म्हणे. पहिला हंगाम तिने डोळ्यांवर हात ठेवून काढला. दुसऱ्या हंगामात बोटांत फट पडली. तिसऱ्या हंगामात तिच्या कडेवर अँजेलिना होती, त्यामुळे हात मोकळे नव्हते आणि बघावंच लागलं. बघता बघता तिला दिसायला लागलं. ढीग पडायच्या आधी एक क्षण असतो. माणसं चहूकडून येत असतात, वाट कुठेच नसते, आणि बर्नार्ड थांबल्यासारखा करतो, हनुवटी जराशी झुकवतो, ‘एक्स्क्यूज मी, सर’, आणि जिथे भिंत होती तिथे दार होतं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. तिला वाटायचं तिने एका वेटरशी लग्न केलं आहे.

एका शुक्रवारी मैदानाच्या कडेला कोणीतरी ओरडत होतं, “डावीकडे बघ मेल्या, डावीकडे.” हेलनने कोण ते बघायला मान वळवली. मसूदा तिच्याकडेच बघत होती.

“गळा बसंल हां,” मसूदा म्हणाली. “उद्या पेशंटशी काय खुणांनी बोलणार?”

हॉजची माणसं तिला ‘सिस्टर’ म्हणत. कोणाचं बोट मोडलं की तिच्याकडे येत. ती बोट बांधायची आणि न चुकता सांगायची, “हा खेळ रानटी आहे.” मग विचारायची, “पुढच्या आठवड्यात आपण कोणाशी?” ‘आपण’ हा शब्द तिच्या तोंडून कधी निघायला लागला ते तिला आठवत नव्हतं.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत शेवटचा सामना पाण्यापलीकडच्या, सौदीतल्या तेल कॅम्पाच्या संघाशी होता. त्यांना हॉजचा संघ कधी हरवू शकला नव्हता. त्यांच्यात एकजण होता, त्याला सगळे ‘टायनी’ म्हणत, म्हणजे चिमुकला. टायनी दारातून आडवा होऊनच आत येई. हे लोक दर सुट्टीला बहरीनला येत, बर्नार्डच्याच हॉटेलात उतरत आणि त्याच्याच हातचं सूप पीत. आदल्या संध्याकाळी टायनीने बर्नार्डला मोठी टीप दिली आणि म्हणाला, “उद्याची भरपाई आजच घे.”

शुक्रवारी मिस्साहून आल्यावर बर्नार्ड नेहमीसारखा पलंगावर बसला. हेलनने डावा गुडघा पाहिला. ठीक. उजवा धरला. वाटीवर अंगठा दाबला, आणि वाटी खाली गेली, टेकली, परत वर आली. पाण्यावर तरंगणाऱ्या बशीसारखी.

गुडघ्यात पाणी होतं. या गोष्टीत हेलनची चूक होणं शक्य नव्हतं. कॅज्युअल्टीत असा गुडघा आला की डॉक्टरांना हाक मारायच्या आधीच ती स्ट्रेचर मागवी. तिला एकच शब्द म्हणायचा होता. त्या शब्दासाठीच तर ती चार वर्षं दर शुक्रवारी पलंगाशी वाकत होती.

“जा,” ती म्हणाली.

म्हणाली, आणि सुन्न होऊन स्वयंपाकघरात गेली. तिथे नळ सोडून उगाच उभी राहिली. हे आपण काय म्हणालो? कोणासाठी म्हणालो? तिला माहीत होतं कोणासाठी. तिला त्याला पळताना बघायचं होतं. आज, त्या टायनीच्या समोरून. ज्याला ती घर म्हणाली होती, ते तिने स्वतःच्या अंगठ्याने मैदानात लोटलं होतं. बाहेर बर्नार्ड बुटांच्या नाड्या बांधत होता, आणि ती ‘थांब’ म्हणेपर्यंत हॉजच्या पिकअपचा हॉर्न वाजला. खरं सांगायचं तर हॉर्न वाजेपर्यंत बराच वेळ होता.

सामना अगदी शेवटापर्यंत अटीतटीचा गेला. हॉजचा संघ चारच गुणांनी मागे. एकदा रेघेपलीकडे गेलं की जिंकले. वेळ एका धावेपुरता उरलेला. चेंडू बर्नार्डच्या पोटात गेला आणि पुढून टायनी आला.

“एक्स्क्यूज मी, सर.”

टायनीने दात खाल्ले. आज खांदा हलवायचा नाही असं त्याने ठरवलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण खांद्याला कोणी सांगितलं नव्हतं. खांदा आत गेला. बर्नार्ड त्या फटीतून निघाला आणि समोर कोणी नव्हतं. नुसती रेती आणि पलीकडे पांढरी रेघ. लोक उभे राहिले. हॉज दोन्ही हात वर करून पळत सुटला. हेलन ओरडत होती, काय ते तिला ऐकू येत नव्हतं.

अर्ध्या वाटेवर बर्नार्ड मंदावला. मग थांबला. पाठ सरळ ठेवून कंबरेत वाकला, दोन्ही हातांनी चेंडू हलकेच जमिनीवर ठेवला, डुगडुगतोय का बघून जरासा फिरवला, आणि मग शेजारी बसला.

हॉजच्या तोंडातलं च्युइंगगम खाली पडलं. टायनी धापा टाकत येऊन पोचला, त्याने चेंडूकडे पाहिलं, बर्नार्डकडे पाहिलं, पुन्हा चेंडूकडे पाहिलं. आपल्याला वाढलंय की काय अशी शंका त्याला आली असावी. “यू ओके?” त्याने वाकून विचारलं. तेवढ्यात त्याच्याच संघातला एक किडकिडीत माणूस भानावर आला, चेंडू उचलून उलट्या दिशेला पळाला, आणि सामना संपला.

“डॅडी पुट इट डाऊन,” मसूदाच्या कडेवरून अँजेलिना म्हणाली.

हेलन या वेळी धावली. “काय केलंस हे?”

“ठेवला.”

“ठेवला म्हणजे?”

“गुडघ्यात कट्‌ झालं. तोल चालला. म्हटलं आधी ट्रे ठेवू, मग बसू.”

“बर्नार्ड, तो ट्रे नव्हता.”

बर्नार्डने दूरवर नाचणाऱ्या लोकांकडे, त्यांच्या डोक्यांवरून उडणाऱ्या चेंडूकडे बराच वेळ पाहिलं. “ते बसल्यावर लक्षात आलं,” तो म्हणाला.

हेलन त्याच्या गुडघ्यावरचा मोजा खाली सारायला लागली. “सकाळी हा गुडघा...” तिने सुरुवात केली.

“राहू दे,” बर्नार्ड म्हणाला. “मला माहीत होतं. एरवी तू दाबतेस नि उठतेस. आज अंगठा काढायला उशीर केलास.”

“मग गेलास कशाला रे?”

“तू जा म्हणालीस ना.” मग जरा थांबून तो म्हणाला, “म्हटलं, हिला बघायचंय. चार वर्षांत कधी काय मागितलं नाय.”

हेलन तिथेच रेतीत बसली. मसूदाने पुढे येऊन आपल्या ओढणीने आधी हेलनचे डोळे पुसले, मग तीच ओढणी गुडघ्याला बांधायला दिली.

त्याच संध्याकाळी रुग्णालयात डॉक्टरांनी गुडघा उलटसुलट करून पाहिला. आतलं तुटलेलं नव्हतं. थोडं फाटलं होतं, थोडं ताणलं होतं. “तसाच आणखी दहा पावलं धावला असता किंवा वरून कोणी पडलं असतं, तर संपलं होतं,” ते म्हणाले. “हा थांबला कसा? यांच्यातला कोणी थांबत नाही.” गुडघा वाचला होता, पण पाय लंगडत होता, आणि उद्या शनिवार होता.

शनिवारी दुपारी ती त्याच्याबरोबर हॉटेलात गेली. किचनच्या झुलत्या दारामागे उभी राहिली. रिकाम्या हॉलमध्ये चंद्रशेखर साहेब पाठीमागे हात बांधून उभे होते. सामन्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत अर्थात पोचली होती.

“अट लक्षात आहे ना?” ते म्हणाले.

“येस, सर.”

“सूप घे सहा. शेवटच्या टेबलावर. काठोकाठ भर.”

बर्नार्डने ट्रे घेतला. हेलनने डोळ्यांवर हात नेला, मग खाली आणला. या वेळी तिला पूर्ण बघायचं होतं. बर्नार्ड निघाला. लपवण्यासारखं काही नव्हतं. एक पाय टाकला की अंग उजवीकडे खचायचं, मग सावरायचं, पुन्हा खचायचं. बूट गालिच्यावर घासत होता. रिकाम्या खुर्च्यांमधून जातानाही तो सवयीने ‘एक्स्क्यूज मी, सर’ म्हणत होता. हेलनला वाटलं, आता साहेब बोलतील. पण साहेब पायांकडे बघतच नव्हते. वाकून, डोळे बारीक करून, ते ट्रेकडे बघत होते.

बर्नार्डने सहाही बाऊल मांडले आणि मागे सरून उभा राहिला. चंद्रशेखर साहेब टेबलाशी गेले. एकेका बाऊलखालची बशी उचलून पाहिली. सगळ्या कोरड्या.

“पाय लंगडतोय की रे तुझा,” ते म्हणाले.

“येस, सर.”

“सूप लंगडत नाही पण.” त्यांनी बशी जागेवर ठेवली, आणि खिशातून रुमाल काढून विनाकारण नाक पुसलं. “सहाला ये. लग्नाची पार्टी आहे. आणि त्या चेंडूचं ऐकलं मी. नियम पाळलास.”

दारामागे हेलनने तोंडावर पदर धरावा तसा युनिफॉर्मचा एप्रन धरला होता. चार वर्षं पांढऱ्या रेघेकडे बघून तिच्या घशातून जो आवाज निघायचा, तोच निघाला. किचनमधला कांदा चिरणारा माणूस दचकला.

बर्नार्डची कारकीर्द तिथे संपली. हेलनला ‘नाय’ म्हणावं लागलं नाही, पण तिने ते म्हटलं, तीनदा, वेगवेगळ्या भाषांत. हॉज अमेरिकेला परत गेला तेव्हा तो चेंडू त्याने बर्नार्डला दिला. हरलेल्या सामन्याचा चेंडू कोणी देतं का, असं बर्नार्डला वाटलं, पण गिऱ्हाइकाला ‘नो’ म्हणायचं नसतं.

पुढे शहाऐंशीला समुद्रावरचा पूल झाला आणि टायनी आपल्या गाडीने यायला लागला. बर्नार्ड तेव्हा बँक्वेटचा कॅप्टन होता आणि ट्रे क्वचितच उचलायचा. पण टायनी आला की तो स्वतः सूप घेऊन जायचा. मागून पायाचा घासता आवाज आला, की काही म्हणायच्या आधीच टायनी खांदा आत घ्यायचा.

चेंडू हूऱ्यातल्या घरी फ्रीजवर असतो. अँजेलिना त्याच्याशी खेळते, मसूदाची मुलं खेळतात, गॅलरीतून खाली टाकतात, एकमेकांच्या अंगावरही पडतात. हेलन कोणाला काही म्हणत नाही. फक्त तो जमिनीवर ठेवायची त्या घरात कोणाला परवानगी नाही.